विंडोज नव्याने टाका, पण जुनी डिस्क फॉरमॅट करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉप २०१८ साली घेतलेला आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि कंपनीकडूनच आलेले विंडोज १० होम. सुरू व्हायला आठ-दहा मिनिटे लागतात आणि मधूनच तो हँग होतो. त्यात दुकानाचा हिशेब टॅलीत आहे, वडिलांचे लेख श्रीलिपीत टंकलेले आहेत आणि मुलांचे दहा वर्षांचे फोटो आहेत. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले आहे की फॉरमॅट मारावे लागेल, ‘सी’मधले सगळे जाईल, ‘डी’ला काही होणार नाही. हे घरी करता येईल का, आणि करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

घरी करता येईल. मात्र तुमच्या यंत्राचे वर्णन वाचून माझा सल्ला थोडा वेगळा आहे. नवे विंडोज नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, टाकावे आणि जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट न करता जशीच्या तशी बाहेर काढून ठेवावी. गेली बावीस वर्षे मी हे काम करतो आहे आणि माझ्याकडे आलेल्या ‘डेटा उडाला’ अशा तक्रारींमधल्या निम्म्याहून अधिक तक्रारी डिस्क बिघडल्यामुळे नव्हे, तर घाईने मारलेल्या फॉरमॅटमुळे उद्भवलेल्या होत्या.

आधी मंदपणाचे कारण पाहू. तुमच्या लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असेल, कारण त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपांत तीच असे. मोठी सलग फाइल वाचताना अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबीपर्यंत मजल मारते. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी डिस्कच्या हाताला तिथपर्यंत सरकावे लागत असल्यामुळे तोच वेग सेकंदाला एक एमबीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. विंडोज १० ची अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी आणि शोधासाठीची अनुक्रमणी ही सगळी कामे पार्श्वभूमीला एकाच वेळी चालू झाली की डिस्क १०० टक्के व्यग्र दिसते आणि माउसही अडखळतो. अशा यंत्रावर फॉरमॅट मारले तर दोन-तीन महिने बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुखणे विंडोजचे कमी आणि डिस्कचे जास्त आहे.

दुसरी शक्यता म्हणजे डिस्क खरोखरच मरणपंथाला लागलेली असणे. हे पाहण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. तो डिस्कने स्वतःच नोंदवून ठेवलेली प्रकृती दाखवतो. त्यातल्या ‘०५’ आणि ‘सी५’ या दोन ओळींकडे लक्ष द्या. पहिली ओळ खराब झाल्यामुळे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) सांगते आणि दुसरी वाचताना अडखळणारे, अजून निकाल न लागलेले सेक्टर सांगते. दुसऱ्या ओळीच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ या रकान्यात शून्याहून मोठा आकडा दिसला, किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर फॉरमॅट तर दूरच, डिस्क तपासणारा विंडोजचा ‘चेकडिस्क’ हा प्रोग्रामसुद्धा चालवू नका, कारण तेवढ्या श्रमानेही अशी डिस्क कायमची बसू शकते. आधी सर्वांत मोलाच्या फाइली काढून घ्या, मग उरलेल्या. टॅली आणि लेख मिळून काही शे एमबी असतील, फोटो शेकडो जीबी असू शकतात. त्यामुळे क्रम लेख, हिशेब आणि मग फोटो असा ठेवा.

‘डीला काही होणार नाही’ हे विधान तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. डिस्क गेली तर दोन्ही जातात. इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर त्यांची नावे सी आणि डी अशी दिसतीलच असेही नाही. तिथे ‘पार्टिशन ३’, ‘पार्टिशन ४’ असे क्रमांक आणि आकार दिसतात आणि चुकीच्या ओळीवर डिलीट दाबले की खेळ संपतो. शिवाय आपण जे डीवर आहे असे समजतो त्यातले बरेच काही प्रत्यक्षात सीवर असते. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही ठिकाणे मुद्दाम हलवली नसतील तर सी ड्राइव्हवरच असतात. आउटलुकच्या ईमेलची पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरमध्ये असते. टॅलीप्राइमचा डेटा सुद्धा, बसवताना जागा बदलली नसेल तर, सी ड्राइव्हच्या यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये जाऊन बसतो, जिथे एरवी कोणी डोकावत नाही.

आता बॅकअपविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण सगळे काम इथेच आहे. जुनी डिस्क तशीच राहणार असली तरी एक प्रत वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्याच. इतकी वर्षे चाललेली डिस्क बाहेर काढून पुन्हा जोडल्यावर चालू होईलच, अशी हमी मी देणार नाही.

टॅली उघडून कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग वाचा आणि कागदावर उतरवून घ्या. टॅलीतून तिचा स्वतःचा बॅकअप घ्या आणि त्याखेरीज तो आकडी नावाचा कंपनीचा फोल्डरही जसाच्या तसा कॉपी करा. दोन्ही घेण्याचे कारण असे की बॅकअपची फाइल अर्धवट झाली तर फोल्डर उपयोगी पडतो. कॉपी करताना टॅली बंद असली पाहिजे. टॅलीचे लायसन्स त्या संगणकाशी बांधलेले असते, म्हणून जुने विंडोज चालू असतानाच ते सरेंडर करून (या संगणकापासून सोडवून) ठेवा; मग नव्या विंडोजमध्ये ते विनासायास पुन्हा चालू करता येते. जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचर वापरत असाल तर ती यूएसबी टोकनमध्येच असते, तिला धोका नाही. फक्त त्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते वापरता यावे यासाठीचा छोटा प्रोग्राम, पुन्हा बसवावा लागेल, एवढे ध्यानात ठेवा.

वडिलांच्या लेखांबाबत विशेष काळजी घ्या. श्रीलिपी, कृतिदेव किंवा सीडॅकच्या आयएसएमचे सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या समान संकेतांत, नसतो. फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र चिन्हे यांची खिचडी दिसते आणि घरचे लोक फाइल खराब झाली असे समजून ती टाकूनही देतात. म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधले फॉन्ट्स हे फोल्डर उघडून त्यातले मराठी फॉन्ट लेखांच्या शेजारीच एका फोल्डरमध्ये ठेवा. श्रीलिपीसाठी यूएसबीला लावायचे डोंगल मिळाले असेल तर ते आणि मूळ सीडी शोधून ठेवा. शक्य असेल तर जुने यंत्र चालू असतानाच प्रत्येक लेखाची पीडीएफही काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवले जातात, त्यामुळे पुढे काहीही झाले तरी लेख वाचता येईल. मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याचे काम नंतर सवडीने करता येते. मात्र त्यात जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात, तेव्हा मुद्रितशोधनाची तयारी ठेवा.

फोटोंविषयी एकच सावधगिरी सांगतो. वनड्राइव्ह चालू असेल तर काही फाइलींवर ढगाचे चिन्ह दिसते. त्या फाइली डिस्कवर नसून इंटरनेटवर असतात, आणि कॉपी करताना प्रत्येक फाइल आधी उतरवावी लागते. नेट मध्येच तुटले तर प्रत अर्धवट राहते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. त्यानंतर बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाच-दहा फाइली प्रत्यक्ष उघडा. ज्या बॅकअपमधून एकही फाइल उघडून पाहिलेली नाही त्याला मी बॅकअप म्हणत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तुमच्या खात्याशी सिंक झालेले आहेत का, हेही याच वेळी तपासा.

सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते पाहा. चालू असेल आणि तुम्ही डिस्क बाहेर काढून दुसरीकडे जोडली, तर ४८ अंकी रिकव्हरी की दिल्याशिवाय ती उघडणार नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तिथे ती सापडत नसेल तर आधी एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. १ टीबीच्या फिरत्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात, म्हणून चार्जर लावून रात्रभर ठेवलेले बरे.

आता लायसन्स. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, कंपनीकडून विंडोजसह आलेल्या बहुतेक लॅपटॉपांत लायसन्सची की मदरबोर्डवरच कोरलेली असते. डिस्क बदलली तरी लायसन्स जात नाही. इन्स्टॉलर ती की स्वतःच वाचतो आणि होम आवृत्ती निवडतो. हे माहीत नसल्यामुळे आपल्याकडे एक विचित्र प्रथा पडली आहे. अस्सल होम आवृत्तीसाठी पैसे मोजलेल्या लॅपटॉपवर दुरुस्तीवाला कुठल्याशा पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेली प्रो आवृत्ती टाकून देतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की आपल्याला वरची आवृत्ती मिळाली. त्या क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि मग त्याच्याबरोबर आणखी काय आत आले हे कोणालाच कळत नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे पासवर्ड आहेत, त्यावर हा धोका पत्करू नका. लॅपटॉपबरोबर कायमस्वरूपी ऑफिस मिळाले असेल तर ते कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडले आहे, तेही आत्ताच पाहून लिहून ठेवा. नंतर ते खाते आठवत नाही म्हणून ऑफिस गमावलेले लोक मी बरेच पाहिले आहेत.

विंडोज १० पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. त्याचा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेच्या अपडेटचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटीत बसतो, आणि विंडोज १० चे लायसन्स विंडोज ११ लाही चालते. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असा संदेश आला तर घाबरू नका. इंटेलच्या यंत्रांत ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘पीटीटी’ या नावाने असते आणि पुष्कळदा नुसते बंद केलेले असते. (ज्या वाचकांचे प्रोसेसर सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचे आहेत त्यांनी मात्र अटी चुकवून विंडोज ११ घुसवण्यापेक्षा लिनक्स मिंटचा विचार करावा. टॅली आणि श्रीलिपी यांची गरज नसेल तर घरगुती वापराला ते उत्तम चालते.)

एसएसडी ५१२ जीबीची घ्या. दीड-दोनशे जीबीहून अधिक फोटो असतील तर १ टीबीची घ्या. जुनी अडीच इंची डिस्क काढून त्याच जागी अडीच इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसते. २०१८ च्या काही लॅपटॉपांत एम.२ ची (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) रिकामी जागाही असते. ती वापरलीत तर विंडोज टाकून होईपर्यंत जुनी डिस्क यंत्रातून काढूनच ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर विंडोज नव्या डिस्कवर टाकतो, पण बूट होण्यासाठी लागणारा शंभर एमबीचा छोटा भाग जुन्या डिस्कवरच ठेवतो, आणि सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की यंत्र सुरूच होत नाही. झाकण उघडण्याचा हात नसेल तर पंधरा मिनिटांचे हे काम दुकानात करून घ्या, पण समोर उभे राहून, आणि जुनी डिस्क हातात परत घेऊनच दुकान सोडा.

इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह धडधाकट संगणकावर बनवा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवायचे आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह त्याच्या हवाली करायचा. त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाईल. त्याच बैठकीत लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा वायफायचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होतानाच इंटरनेट मागते. यंत्र चालू करताना बूट मेनूची कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होवर ती सहसा एफ१२ असते, एचपीवर एफ९ आणि असूसवर एस्केप.

बाहेरची बॅकअप डिस्क या वेळी जोडलेली असता कामा नये. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा बॅकअप मी त्याच्याच बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि ती न काढताच इन्स्टॉलेशन सुरू केले. पडद्यावर दोन डिस्क दिसत होत्या, दोन्ही ५०० जीबीच्या. मी शून्य क्रमांकाची डिस्क लॅपटॉपची असणार असे गृहीत धरले आणि तिच्यावरचे सगळे भाग पुसले. ती बाहेरची होती. सुदैवाने लॅपटॉपच्या डिस्कला अजून हात लागलेला नव्हता म्हणून वाचलो. त्या दिवसापासून आकार वाचल्याशिवाय मी डिलीट दाबत नाही. आकार वाचताना ध्यानात ठेवा की विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजते, त्यामुळे १ टीबीची डिस्क ९३१ जीबी, ५१२ ची ४७६ आणि ५०० ची ४६५ अशी दिसते.

यापुढचे काम फारसे कठीण नाही. नवी एसएसडी एकटीच जोडलेली असेल तर पडद्यावर एकच ओळ, ‘अनअलोकेटेड स्पेस’ अशी दिसेल. ती निवडून पुढे जा. भाग पाडण्याच्या भानगडीत पडू नका, लागणारे लहान भाग इन्स्टॉलर स्वतः पाडतो. पडद्यावर डिस्कच दिसत नसेल तर ती नीट बसलेली नाही असे समजा. अकराव्या आणि त्यानंतरच्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपांत मात्र पुष्कळदा डिस्क नीट असूनही दिसत नाही, कारण तिथे इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा लागतो. तुमच्या यंत्राला ही अडचण येऊ नये. फाइली कॉपी झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू होईल, तेव्हा पुन्हा पहिलाच पडदा आला तर पेनड्राइव्ह काढून घ्या. एसएसडीवर हे सगळे वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. काम चालू असताना चार्जर लावलेला असावा आणि जुनी बॅटरी दहा मिनिटेही तग धरत नसेल तर यंत्र इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडावे.

विंडोज सुरू झाले की आधी अपडेट दोन-तीनदा चालवा. बहुतेक ड्रायव्हर त्यातच येतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण उरला तर तेवढ्यापुरता ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. ड्रायव्हर शोधून देणारे जे फुकट प्रोग्राम मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात. ते चांगलेच आहे, पण ती ४८ अंकी की खात्यात उमटली आहे का ते पाहा आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा. मंगल फॉन्टमधल्या फाइली वेगळ्या दिसल्या तर दचकू नका. विंडोज १० पासून मंगल सुरुवातीला बसवलेला नसतो. ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले की तो येतो. टंकनासाठी मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. त्यानंतर टॅली, मग श्रीलिपी, मग डेटा, या क्रमाने बसवा आणि टॅलीत गेल्या महिन्याची शिल्लक जुन्या छापील कागदाशी जुळवून पाहा.

जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरून जोडता येणाऱ्या डबीत, घालून ठेवा. ती किमान पुढचे आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुसू नका, कारण विसरलेली फाइल नेमकी लेखापरीक्षणाच्या वेळी आठवते. तोवर काहीच मागावे लागले नाही आणि ‘सी५’चा आकडा शून्य असेल तर ती फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरता येईल. भंगारात किंवा कुणाला द्यायची असेल तर ‘क्विक फॉरमॅट’वर भिस्त ठेवू नका. त्यात फक्त फाइलींची नोंदवही नवी होते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि साध्या रिकव्हरी प्रोग्रामने परत काढता येतो. ‘क्विक’पुढची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट त्या भागावर सर्वत्र शून्ये लिहितो. १ टीबीला त्यासाठी तीन-चार तास लागतील, आणि सी व डी हे दोन्ही भाग तसेच पुसावे लागतील.